शनिवारच्या जोड्या

बजरंगभाऊंनी कुणाला शाल दिली की त्या घरात रेडिओ बंद व्हायचा. हे पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं.

बंकट ग्रामसेवकाला सव्वीस जानेवारीला शाल मिळाली, 'कर्तव्यदक्ष अधिकारी' म्हणून. भाऊंच्या दगडखाणीच्या ठरावावर सही करायची त्यानं टाळली होती, एवढीच त्याची कर्तव्यदक्षता. मार्चमध्ये मांजरसुंब्याच्या उतारावर एका बिननंबरच्या टिप्परनं त्याला मोटारसायकलसकट खाली लोटलं. हरिओमनं पंचायतीला भाऊंच्या माणसाविरुद्ध फॉर्म भरला. त्याला 'युवा नेतृत्व' म्हणून शाल मिळाली. पुढच्याच महिन्यात त्याचा चार एकर ऊस उभ्या उभ्या पेटला आणि युवा नेतृत्व हल्ली पुण्यात एका सोसायटीच्या गेटावर शिट्टी वाजवतं. शाल मात्र चांगली असायची. हलकी वस्तू द्यायचा भाऊंचा स्वभाव नव्हता.

आश्रुबा सरांना या शालीची भीती वाटायचं काही कारण नव्हतं. एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते, आणि इंग्रजीपायी माणूस नापास झाल्याची उदाहरणं जिल्ह्यात पोत्यानं असली तरी मेल्याचं एकही नव्हतं.

शाळा भाऊंच्याच संस्थेची. तिथं सरांनी एक पद्धत पाडली होती. शनिवारी सकाळच्या शाळेत पहिला तास जोड्यांचा. दिसायला सारखे आणि वागायला वेगळे असे इंग्रजी शब्द ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहीत आणि म्हणत, "पोरांनो, इंग्रजीतबी भाऊबंदकी असते. दोघं एकाच घरातले, तोंडावळा एकच. पण एकाच्या बांधावर दुसरा बसला की संपलं." मग उदाहरणं. ती पुस्तकातली नसत. सैल असणं आणि हरवणं या दोन 'लूज'मधला फरक त्यांनी असा सांगितला होता की मेंढरू हरवलं तर एक ओ, कारण कळपातला एक कमी झाला. डोंगराचा दगड सैल झाला तर दोन ओ, कारण तो एकटा येत नाही. 'प्रिन्सिपल' दोन असतात, एक मुख्याध्यापक आणि एक तत्त्व, पण दोन्ही एका इमारतीत कधी सापडत नाहीत म्हणून गोंधळ व्हायचं कारण नाही, असंही ते सांगत. मुख्याध्यापक एकदा खिडकीबाहेर उभे असताना त्यांनी हे सांगितलं होतं. त्या वर्षी जनगणनेचं काम त्यांना एकट्याला लागलं.

तासाच्या शेवटी दहा रिकाम्या जागा, दहा मार्क. चुकलेल्या जोडीला तळहातावर एक पट्टी आणि घरी शंभर वेळा लिहिणं. दहापैकी दहा पडले तर व्हरांड्यातल्या लाकडी फलकावर ऑइलपेंटनं नाव, सरांच्या खर्चानं. एकतीस वर्षांत फलकावर तीन नावं चढली. पहिलं संगीताचं, ती पुण्यात कंपनीत होती. दुसरं शिवशंकरचं, तो कोरोनात गेला. तिसरं शिवकन्येचं. तानाजी मेंढपाळाची ही लेक पदवी घेऊन गावात परतली होती. सकाळी बापाबरोबर मेंढ्या सोडायची आणि दुपारी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडायची.

आणखी एक गोष्ट सर शिकवत, जी अभ्यासक्रमात नव्हती. मराठी अर्ज तलाठ्यापर्यंत जातो आणि तिथंच आजारी पडतो. इंग्रजी अर्ज वाचायचा प्रत्येकाला कंटाळा येतो, म्हणून प्रत्येक जण तो वर ढकलतो, आणि असा तो आपोआप मुंबईला पोचतो. पोरं हसायची. सरांनाही तो विनोदच वाटायचा.

निवृत्तीनंतर हाताची खाज गेली नाही. खिशात लाल पेन कायम. दूध डेअरीच्या पाटीवर पेंटरनं रोजनिशीची 'डायरी' लिहून ठेवली होती, ती त्यांनी उभं राहून दुरुस्त करून घेतली. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, पासपोर्टचे फॉर्म, सगळं त्यांच्या ओट्यावर यायचं. एका चहात काम व्हायचं. म्हणून त्या रविवारी भाऊंचा माणूस युवराज पांढरी गाडी घेऊन दारात आला आणि "भाऊंनी बोलवलंय, जरा इंग्रजी तपासायचंय" म्हणाला, तेव्हा सरांनी फक्त पेनमध्ये शाई आहे का ते बघितलं.

रतनबाईंनी आतून विचारलं, "आवं, काय तपासायचंय म्हणं?"

"बॅनर असंल," सर म्हणाले.

युवराज सरांचाच विद्यार्थी. आता छत्तिशीला आलेला, दोन लेकरांचा बाप, भाऊंचा उजवा हात. शाळेत तो डावखुरा होता, म्हणून सर त्याला पट्टी उजव्या हातावर मारत, लिहायचा हात शाबूत राहावा या हिशेबानं. स्वीकारण्याचा 'ॲक्सेप्ट' आणि खेरीजचा 'एक्सेप्ट' ही जोडी त्याला अख्ख्या वर्षात एकदाही जमली नव्हती. अकरा शनिवार त्यानं तीच पट्टी खाल्ली होती. गाडीत सरांनी लेकरांची चौकशी केली. त्यानं, बरी हायेत, म्हणून सांगितलं.

भाऊंच्या शेतातल्या बंगल्यापासून खाण दीड किलोमीटरवर. भाऊ उठून उभे राहिले, वाकून सरांच्या पायाला हात लावला, खुर्ची स्वतः पुढं केली. माणूस नम्र. त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. तशी वेळच येत नसे. चहा आला. त्याच्याबरोबर टाचणी लावलेले चार टाइप केलेले कागद आले. झेरॉक्स होती. वरच्या कोपऱ्यात कुठल्यातरी ऑफिसचा आवक शिक्का होता आणि खाली सहीच्या जागी नुसतं 'एक नागरिक'.

"वरून आलंय," भाऊ म्हणाले. "मुंबईला गेलतं. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून आपल्याकडं. आपली माणसं हायेत म्हणून कळतं. मला काय इंग्रजी येत न्हाई, सर. तुमी तपासून द्या. मार्कबी द्या."

आता इथं जे झालं ते सरांच्या हातानं केलं, डोक्यानं नाही. एकतीस वर्षं पेपर तपासणारा माणूस पेपर वाचत नसतो. कुणाचं घर पडलं, कुणाची आई वारली, असले निबंध त्यांनी हजारांनी तपासले होते आणि एकाही घरी भेटायला गेले नव्हते. त्यांची नजर जोड्या शोधत कागदावरून खाली गेली. परिणाम करणारा 'अफेक्ट' जागेवर. झालेला परिणाम 'इफेक्ट' जागेवर. लाल खूण, लाल खूण. सल्ल्याचा 'ॲडव्हाइस'ही बरोबर. शांतता आणि बरंचसं, 'क्वाएट' आणि 'क्वाइट', भलेभले इथं पडतात, इथंही बरोबर. दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत पाच खुणा झाल्या आणि सरांच्या तोंडून निघून गेलं, "वा."

"चांगलंय?" भाऊंनी विचारलं.

"चांगलं काय, फर्स्ट क्लास. कुणी लिहिलंय?"

"त्येच तर तुमाला इचारायचंय," भाऊ म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

दुपारचे बारा झाले होते. खाणीत सुरुंग उडाला. बशीतल्या चहावर बारीक सुरकुती उठली आणि गेली. सरांनी पुढच्या ओळीवर पेन टेकवलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. 'त्या दिवशी आमच्या मेंढ्या हरवल्या नव्हत्या. दगड सैल झाले होते.' एक ओ. दोन ओ. पुढं सुरुंगाच्या दगडांखाली मेलेल्या अकरा मेंढ्या, आणि त्यांच्यामागं असलेला बाप, ज्याला त्या दिवसापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही.

हे वाक्य जगात एकाच वर्गात शिकवलं गेलं होतं.

सरांनी चहा उचलला. तो गार झाला आहे हे कळायला त्यांना दोन घोट लागले. तानाजीच्या कानांचं त्यांनी ऐकलं होतं. वयानं असेल, असं रतनबाईंना म्हणालेही होते.

मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बरोबर असलेल्या ओळीवर काट मारली. मेंढ्यांच्या ओळीवर एक, दगडांच्या ओळीवर एक. तिसऱ्या पानावर, गावानं धूळ स्वीकारली आहे आणि मेंढ्यांखेरीज कुणी तक्रार करत नाही, असं एक वाक्य होतं. त्यातल्या दोन्ही शब्दांवर काट. शेवटच्या पानावर एक. खाली लिहिलं, दहापैकी पाच. सही, तारीख.

"सुरवातीला बरंय, पुढं घसरलंय," ते म्हणाले. "बाहेरचा कुणीतरी असणार. कॉन्व्हेंटवाला. आपल्याकडचा नाही, भाऊ. माझा विद्यार्थी असल्या चुका करत नाही."

भाऊंनी कागद हातात घेतले आणि लाल खुणांकडं बराच वेळ बघितलं, कुंडली बघावी तसं. त्यांच्या मागं उभा असलेला युवराजही वाकून बघत होता.

"मला राग न्हाई, सर," भाऊ सावकाश म्हणाले. "कुणी का असंना, हुशार हाय. हुशार माणसाचा सत्कार झाला पायजे. कावून की मग बाकीच्यांनाबी कळतं, हुशारीचं काय होतं ते." त्यांनी कागद युवराजच्या हातात दिले. "शोध. परवापतोर नाव पायजे."

परतताना युवराजनं गाडी सरांच्या घरावरून तशीच पुढं काढली. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबली. रविवार असल्यामुळं आवारात दोन शेळ्यांशिवाय कुणी नव्हतं. युवराज व्हरांड्यात गेला, फलकासमोर उभा राहिला. मागोमाग सर. त्याच्या हातात ते चार कागद होते.

"तिसरं पान, सर," तो म्हणाला. "ॲक्सेप्ट आन् एक्सेप्ट. तुमी दोन्ही कापलेत."

"चुकले होते."

"न्हाई चुकले." त्यानं उजवा तळहात उघडून बघितला, जणू उत्तर तिथं लिहिलं होतं. "अकरा शनिवार, सर. परीक्षेत कधी जमलं न्हाई. पर नंतर ते डोक्यातून गेलं न्हाई. आता झोपेतबी चुकत न्हाई मी. ह्या कागदावर एकबी चूक न्हाई. तुमी बरोबरवर काट मारली. तुमी. मंग मला कळलं, ह्यात कायतरी हाय."

सर व्हरांड्याच्या पायरीवर बसले. आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांत नेमकं ह्यालाच आपण नीट शिकवलं, असा एक विचार त्यांच्या मनात आला. अभिमानानं यावा तसाच आला, फक्त वेळ चुकली होती.

"एक पुण्यात," युवराज फलकावर बोट फिरवत म्हणाला. "एक वारला. राहिलं एक." तिसऱ्या नावाशी त्याचं बोट थांबलं, पण टेकलं नाही. "मी न्हाई सांगितलं तर भाऊ दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतील. मंग दोन शाली लागतील, एक तिला आन् एक मला. माझी लेकरं ल्हान हायेत, सर."

एक शेळी पायरीपर्यंत येऊन त्यांच्याकडं बघत उभी राहिली. सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"सांग," ते म्हणाले. "सरांनी लिहिलं म्हणून सांग."

युवराज वळला.

"मीच लिहिलं. दुसरं कोण लिहिणार एवढं? फलकावर तीनच नावं हायेत, कारण पेपर काढणाऱ्याचं नाव फलकावर लावत नसतात."

"मंग सोताचाच पेपर कापला कावून?"

"भ्यालो म्हणून. आधी हौसेनं खुणा केल्या, मग भाऊ समोर बसलेत याचं भान आलं. त्या कागदाकडं बघ. पाच बरोबर, मग एकदम पाच चूक. भ्यालेला माणूस असंच तपासतो. भाऊंना पटंल."

युवराजनं कागदाकडं बघितलं. पटण्यासारखं होतं. तेच वाईट होतं.

"हे खरं न्हाई, सर."

"खरं-खोटं इतिहासाच्या तासाला. इंग्रजीच्या तासाला फक्त बरोबर आणि चूक." सर उठले, धोतर झटकलं. "हे उत्तर बरोबर आहे. पाठ कर आणि जाऊन सांग. अडखळू नको."

युवराज गाडीकडं गेला. दार उघडताना सवयीनं म्हणाला, "बसा, सर, सोडतो." सर म्हणाले, चालत जातो. चालायची सवय असावी माणसाला, असंही म्हणाले.

मंगळवारी दुपारी शिवकन्या आली. तिच्या कानावर काय आलं होतं कोण जाणे. ती ओट्यावर न बसता उभीच राहिली आणि म्हणाली, "सर, ते मी..."

"पाणी पी आधी," सरांनी तिला तोडलं. रतनबाईंनी तांब्या आणून दिला. ती पाणी पीत असताना सरांनीच सगळं बोलून टाकलं. संगीताला फोन झाला आहे. उद्या पहाटेच्या एसटीनं पुण्याला जायचं. परीक्षा होईपर्यंत तिच्याकडंच राहायचं. तानाजी मेंढ्या घेऊन नेहमीसारखा खाली गोदाकाठाकडं निघंल, यंदा जरा लवकर. त्याला ऐकू येत नाही हे एका अर्थी बरं, कुणी काही विचारलं तरी उत्तर द्यायला नको.

"माझं चुकलं का, सर?"

"एकबी चूक नव्हती," सर म्हणाले. "म्हणून तर ही पाळी आली. चुका असत्या तर कुणाला संशय आला नसता." मग त्यांनी उशाखालून एक पाकीट काढलं. आत तेच चार कागद, युवराजकडची झेरॉक्स एका रात्रीपुरती मागून घेऊन नव्यानं टाइप केलेले, एकाही अक्षराचा फरक न करता. फक्त 'एक नागरिक' नव्हतं. तिथं त्यांचं पूर्ण नाव, निवृत्त सहशिक्षक, आणि लाल शाईत सही होती. दुसरी शाई घरात नव्हती. "पुण्यात गेल्यावर पोस्टात टाक. इथल्या पेटीत नको. वर चढायला वेळ लागतो त्याला, पण चढतं."

तिनं पाकीट घेतलं. डोळे पुसायला तिला हात मोकळा नव्हता. रतनबाईंनी पदरानं पुसले आणि नवऱ्याकडं बघितलं नाही.

ती गेल्यावर बऱ्याच वेळानं रतनबाई म्हणाल्या, "परवा बॅनर म्हणाला व्हता तुमी."

"येईल," सर म्हणाले. "बॅनरबी येईल."

तो शनिवारी आला. युवराज सकाळी साडेसातला दारात उभा, बरोबर जोड्यांच्या तासाला. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली शाल, काठ चांगला रुंद. दुसऱ्या हातात बॅनरचा छोटा नमुना, छापायला देण्याआधी तपासायचा. भाऊंना पटलं होतं. ते रागावले नव्हते. सरांबद्दल उलट आदर वाढला, असं म्हणाले होते. सत्कार आजच, मांजरसुंब्याला, संध्याकाळी चारला. परतीला वाट वाकडी करून सरांना कपिलधारचं दर्शन घडवायचं, असंही भाऊंनी सांगितलं होतं. गाडी युवराजनं न्यायची आणि परतीला दुसऱ्या कुणीतरी आणायची.

"दुसरं कोण?" सरांनी विचारलं.

"ते मला सांगितलं न्हाई."

सरांनी चष्मा लावला. बॅनरवर भाऊंचा फोटो मोठा, सरांचा लहान. वर मराठीत 'गुरुवर्यांचा भव्य सत्कार'. खाली दोन ओळी इंग्रजीत. पहिल्या ओळीत सरांनी ही शाल स्वीकारावी अशी नम्र विनंती होती. दुसरीत, सरांखेरीज या शालीला लायक माणूस तालुक्यात दुसरा नाही, असं म्हटलं होतं.

सरांनी एकदा वाचलं. मग पेपर तपासावा तसं, अर्थ सोडून, पुन्हा वाचलं. पहिला शब्द पहिल्या जागी होता. दुसरा दुसऱ्या जागी.

"कुणी लिहिलंय?"

"मी," युवराज म्हणाला. तो खाली बघत होता. "भाऊ म्हणाले, सरांचा सत्कार हाय, इंग्रजी चुकाया न्हाई पायजे."

आत रतनबाईंनी शाल पिशवीतून काढून उलगडली होती आणि ती बोटांनी चाचपून बघत होत्या. लोकर चांगली होती. एवढ्या उन्हात ही पांघरायची कुठं, असं त्या भिंतीला विचारत होत्या.

सरांनी लाल पेनचं टोपण काढलं. पहिल्या ओळीखाली खूण. दुसऱ्या ओळीखाली खूण. कोपऱ्यात दहापैकी दहा लिहिलं, त्याभोवती गोल केला, सही केली, तारीख घातली. मग नमुना युवराजच्या हातात देण्याआधी क्षणभर थांबले.

"फलकावर नाव लावायला हवं," ते म्हणाले. "पेंटरला सांग. यंदा पैसे तुलाच द्यावे लागतील."

युवराजनं मान डोलावली. साडेतीनला गाडी घेऊन येतो म्हणाला आणि जाता जाता वाकून पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग सवयीनं त्याचा उजवा हात धरून उलटा केला आणि तळहात बघितला. वळ कधीच गेले होते.